तिसऱ्या रांगेतली खुर्ची

माणसाचं तोंड म्हणजे दिवा लावलेली खोली. दार कितीही घट्ट लावा, फटीतून उजेड बाहेर येतोच. ताईच्या बाबतीत तर दारच नव्हतं, नुसती चौकट. आणि त्या चौकटीतून आत डोकवायला तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असल्यापासून शिकला होता.

आता तो छत्तीस वर्षांचा होता आणि जगातल्या दहा निवडक बुद्धिबळपटूंच्या साखळी स्पर्धेत शेवटच्या फेरीला बसला होता. जग त्याला मोठ्या आदरानं हाक मारायचं, ताई भुंग्या म्हणायची. लहानपणी तो पटाभोवती असा घोंघावायचा की चार सोंगट्या आडव्या झाल्याशिवाय डाव पुरा होत नसे. चाली त्याला तिनंच शिकवल्या. पुढे तो तिच्यापुढे निघून गेला. कधी गेला ते दोघांनाही कळलं नाही. मग ताई त्याची सहायक झाली. समोरचा काय खेळतो ते हुडकायचं, सुरुवातीच्या वाटा संगणकावर तपासायच्या, त्यातलं सार वहीत उतरवायचं आणि सकाळी चहाबरोबर भावाला घोटून पाजायचं. तो ते डोळे मिटून प्यायचा. ताईच्या वहीत लिहिलंय ना, मग झालं.

या स्पर्धेचा एक नियम मोठा खट्याळ होता. रोजचा मोठा डाव चार-पाच तासांचा. तो बरोबरीत सुटला तर हात झटकून जेवायला जायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि त्याच सोंगट्या घेऊन पुन्हा बसायचं, झटपट टायब्रेक खेळायला. पांढऱ्याला दहा मिनिटं, काळ्याला सातच. मात्र काळ्याच्या कमी वेळेची भरपाई अशी, की हा डावही बरोबरीत सुटला तर काळा जिंकला असं धरायचं. म्हणजे पांढऱ्यानं जिंकावं, नाहीतर हरावं. मधली पायरी देवानं ठेवलीच नाही.

आज भुंग्याकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. गुणांच्या यादीत तो सहावा होता. पहिल्या पाचांना पुढच्या वर्षीचं आमंत्रण, सहाव्याला टाळ्या. आजचा दिवस जिंकला, अगदी टायब्रेकमध्ये जिंकला तरी, तो पाचवा होणार होता. नाही जिंकला तर या दहांच्या पंगतीत त्याचं पान पुन्हा मांडलं जाणार नव्हतं. विशीतली पोरं दाराशी रांग लावून उभी असताना छत्तिशीच्या माणसाला कोण बोलावतंय!

सकाळी हॉटेलच्या खोलीत ताईनं वही उघडली होती.

"दोन वाटा आहेत. एक तिखट, एक सौम्य. कुठल्या वाटेनं जायचं ते समोरचाच ठरवणार. तिखट निघाली तर तुला पाठ आहेच. सौम्य निघाली तर हे बघ, एकोणिसाव्या चालीला हत्तीनं शह. त्याचा राजा कोपऱ्यात जाईल. पुन्हा शह, तो परत येईल. शहावर शह देत राहा. बरोबरी."

"आणि शह दिलाच नाही तर?"

"तिथं डोकं घालू नकोस. खा ते अंडं, गार होतंय."

भुंग्यानं अंडं खाल्लं. विषय संपला.

आता खरी गोष्ट ऐका. ताईनं तिथं डोकं घातलं होतं. आदल्या दुपारी चांगला पाऊण तास. शह न देता पांढऱ्याचा राजाच उठून एकेक घर वर चढत जातो, शत्रूच्या गोटात, जणू फिरायला निघालाय. आणि तो तिथं पोचला की हत्तीच्या जोडीनं मात करतो. चाल अचूक होती, पण काळजाचं पाणी करणारी. ताईनं विचार केला, मोठ्या डावात एवढं धाडस कशाला? दमलेल्या पोराच्या डोक्याला आणखी एक भुंगा कशाला? तिनं ती चाल वहीत लिहिली नाही. मायेपोटी माणूस ताटातला काटा काढून ठेवतो, तसा तिनं तो काढून ठेवला. सौम्य वाट टायब्रेकमध्ये निघाली तर काय, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही. चाळीस वर्षं पटावर काढलेल्या बाईला तो सुचू नये! पण तहानलेल्यासाठी पाणी आणायला धावणारा कधी कधी भांडंच विसरतो, त्यातली गत.

मोठ्या डावात समोरच्या पोरानं तिखट वाट धरली. एकोणीस वर्षांचा तो. चाल करून झाली की हात मागे बांधून बागेत फिरावं तसा फिरायचा. ताईनं त्याचं नाव निवांत ठेवलं होतं. साडेचार तास झोंबाझोंबी झाली आणि पटावर दोन राजे आणि एकेक प्यादं उरलं. बरोबरी.

दहा मिनिटांनी टायब्रेक सुरू झाला. निवांतनं तिसऱ्याच चालीला सौम्य वाट धरली. का नाही धरणार? वाटेच्या शेवटी बरोबरी आहे हे त्यालाही पाठ होतं, आणि बरोबरी म्हणजे त्याचा विजय.

ताई प्रेक्षकांत होती, तिसऱ्या रांगेतल्या डावीकडच्या खुर्चीत. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जाड काच होती. इकडची शिंकसुद्धा तिकडे ऐकू जात नव्हती, पण दिसायचं सगळं. काचेच्या वरच्या अंगाला मोठा पडदा, फक्त प्रेक्षकांना दिसेल असा. त्यावर डाव, घड्याळं आणि बाजूला एक उभी पट्टी. कोणाचं पारडं जड ते संगणक त्या पट्टीवर दाखवायचा.

एरवी ताई डावभर लोकर विणायची. खाली मान, हातात सुया, तोंडात देवाचं नाव. त्याचंही कारण होतं. भुंग्या आठ वर्षांचा असताना शाळांच्या स्पर्धेत ती नुसती समोर उभी होती. तो हात वजिराकडे नेई, तिच्या तोंडाकडे पाही आणि हात घोड्याकडे वळवी. तो जिंकला. हरलेल्या मुलाची आई म्हणाली, "पोरगी आरसा धरून उभी आहे बघा!" ताईनं बोटसुद्धा हलवलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिनं पदक परत नेऊन दिलं आणि देवापुढे हात जोडून सांगितलं, यापुढे माझं तोंड त्याच्या डावात येणार नाही. तेव्हापासून लोकर.

पण आज नवीन तपासनीस होता. धातूच्या वस्तू आत नाहीत म्हणाला आणि सुया बाहेरच्या खिडकीवर जमा झाल्या. ताईनं फार वाद घातला नाही. तिला आजकाल वाद सोसत नसे. तिसऱ्या फेरीच्या दिवशी याच खुर्चीत तिला घेरी आली होती. डोळे मिटले आणि बाजूच्या बाईच्या खांद्यावर मान पडली. रक्तदाबाची गोळी चुकली होती, एवढंच. पण भुंग्यानं ते काचेतून पाहिलं होतं, आणि त्या दिवशी तो हरला होता.

एकोणिसावी चाल आली. भुंग्यानं हत्तीनं शह दिला. काळा राजा कोपऱ्यात. पुन्हा शह. राजा परत. तीच स्थिती दुसऱ्यांदा आली होती. तिसऱ्यांदा आली की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे घरचा रस्ता. भुंग्याचा हात हत्तीवर गेला आणि हवेतच थांबला. त्याच्या घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद होती.

पडद्यावरची पट्टी पांढऱ्या बाजूनं सरसर वर चढली. हॉलभर कुजबूज झाली.

"राजा वर! राजा चालवायचा!" मागचे एक चष्मेवाले आजोबा पुटपुटले. "पोरालाही दिसावं की हो!"

अहो आजोबा, पडद्यावर पाहून सगळ्यांनाच दिसतं!

आणि भुंग्यानं मान वर केली. काचेतून, दोन रांगा ओलांडून, त्यानं सरळ ताईकडे पाहिलं.

तो चाल विचारत नव्हता. एवढा मोठा खेळाडू, त्याला चाल सांगायची गरजच नव्हती. विहीर खणणाऱ्याला झरा कुठल्या हाताला आहे ते सांगावं लागत नाही. खाली पाणी आहे एवढं कळू दे, तो कातळ फोडील. पाणी नाही असं वाटलं, तर मऊ मातीतही त्याची कुदळ उचलत नाही. भुंग्या एवढंच विचारत होता: ताई, तू तिथं पाहिलंस ना? पाणी आहे का?

आणि ताईला माहीत होतं, पाणी आहे. हातभर खाली.

आता काय करावं तिनं? तोंड दगडासारखं ठेवावं, तर तो दगड त्याला वाचता येतो. मान खाली घालावी, तर ती मान फक्त काही लपवताना खाली घालते हे तो गोळ्या-बिस्किटं चोरून खायच्या वयापासून ओळखून होता. डोळे मिटावेत, तर घेरी आली म्हणून तो उठून काचेशी येईल. सुया असत्या तर! दोन सुया, देवा, दोन सुया! ओठाचा कोपरा थरथरायला लागलेला तिला जाणवला. आणखी दोन क्षण, आणि उजेड फटीतून बाहेर.

ती उठली. गुडघे सावरत, लोकांच्या पायांवर पाय देत, रांगेतून बाहेर पडली आणि दार ढकलून व्हरांड्यात आली.

व्हरांड्यात खिडकीमागे टोकनवाले काका बसले होते. त्यांच्या पाठीमागे खणांचं मोठं कपाट, प्रत्येक खणात कुणाचा फोन, कुणाचं घड्याळ.

"सुया हव्यात का बाई? डाव संपल्याशिवाय मिळायच्या नाहीत."

"नकोत. इथं जरा उभी राहते."

"आत तुमचा भाऊ खेळतोय ना? मग बाहेर कशाला?"

"आत माझं तोंड होतं, म्हणून."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "बाकी सगळं ठेवून घेतो हो आम्ही," ते म्हणाले. "तोंड ठेवायला खण नाही."

ताईला हसू यायला हवं होतं. तिनं भिंतीला पाठ लावली आणि नामस्मरण सुरू केलं. पण नावामध्येच राजा शिरत होता. एक घर वर, दोन घरं वर. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. तीन मिनिटं झाली. चार. मग आत टाळ्या वाजल्या. टाळ्यांचं एक वाईट असतं, त्या कोणासाठी वाजतात ते दाराबाहेर कळत नाही.

दार धाडकन उघडलं आणि भुंग्या जवळजवळ पळतच बाहेर आला. त्यानं आधी तिचं मनगट धरलं.

"चक्कर आली? गोळी घेतली होतीस ना? बस, बस आधी."

"अरे, मला काही झालेलं नाही."

"मग उठलीस का?"

ताईनं हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "डाव?"

"वेळ संपली, डाव गेला." त्यानं मनगट सोडलं नाही. "तू उठलीस, खुर्ची रिकामी झाली, आणि मला पटच दिसेना. म्हटलं घेरी येऊन पडली असशील बाहेर कुठंतरी. हात वर केला, पंचबाईंना म्हटलं, माझ्या बहिणीला कुणी बघून या. त्या म्हणाल्या, डाव चालू असताना निरोप देता-घेता येत नाही. माझंच घड्याळ चालू होतं. दीड-दोन मिनिटं गेली असतील तशीच."

"आणि मग?"

"मग एकाएकी दिसलं. शह द्यायचाच नाही, राजा वर न्यायचा. चढवला की! चार घरं चढवला. दोन चालींत मात होती, ताई. दोन चाली." तो लहान मुलासारखा हसला आणि ते हसू अर्ध्यातच विरलं. "आणि घड्याळात शून्य."

निवांत मागून आला. आज तो फिरत नव्हता. ताईसमोर थांबून त्यानं किंचित मान झुकवली, "मी हरलो होतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी काल पाहिली होती ती चाल," ती म्हणाली. "वहीत नाही लिहिली. तुला ओझं नको म्हणून."

व्हरांड्यातून लोक जात होते, टोकनं देऊन आपापले फोन घेत होते.

"लिहायची होतीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हो."

"आणि आत बसून राहायचं होतंस."

"बसले असते तर तुला कळलं असतं रे."

"हो. कळलं असतं."

काकांनी खिडकीतून सुया पुढे केल्या. त्यांना लोकरीचा गुंडा लटकत होता आणि अर्धं विणलेलं काहीतरी. पुढच्या वर्षी या गार हॉलमध्ये भुंग्याला घालायला मफलर करायचा होता. ताईनं तो तसाच पिशवीत कोंबला. एक सुई कापडातून आरपार बाहेर आली.

"चल," भुंग्या म्हणाला.

जिना उतरताना त्यानं तिचा हात धरला, घेरी येऊ नये म्हणून. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायऱ्यांकडे पाहत राहिला, एकेक करून, खालपर्यंत.