दोन फुटांवरची खिडकी

“तिला निरोप पाठवू नकोस, सूनबाई. आणायला तू स्वतः जा.” देवाघरी जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन “जाईन” म्हटलं.

‘ती’ म्हणजे माझी नणंद. पाय गेल्यापासून वन्सं चाकाच्या खुर्चीत असतात आणि आमच्या घराला सात पायऱ्या. मागच्या खेपेला दोघा पुतण्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. जाताना त्या म्हणाल्या, “वहिनी, मी काय धान्याचं पोतं आहे? माझी मी आत येऊ शकेन तेव्हाच येईन.” त्याला चार वर्षं झाली.

म्हणून यंदा घराच्या बाजूला, जमिनीलगत, एक खोली वाढवायला घेतली. रुंद दार, पायऱ्यांच्या जागी उतार.

उजाडल्यापासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. गवंडीदादांनी एके सकाळी नेमकं जपाच्या मध्येच विचारलं, “वहिनी, खिडकी किती उंचीवर घेऊ?” मी पाटावर बसल्या बसल्या तळहात खाली दाबला. म्हणजे, जरा दम धरा. ते “बरं” म्हणून गेले. जप आटोपून मी मागच्या दारी वाळू उतरवून घ्यायला गेले, ती दुपारीच खोलीत डोकावले. चौकट बसली होती. जमिनीपासून दोन फुटांवर!

यजमान कमरेवर हात ठेवून उभे. “ही कुणासाठी? मांजरासाठी?”

“वहिनींनीच हातानं उंची दाखवली,” गवंडीदादा म्हणाले.

“अहो, ती थांबा म्हणत होती!”

“मग तोंडानं म्हणायचं!”

“तीस वर्षं मी तरी दुसरं काय सांगतोय?”

मला हसू आवरेना. पण वन्संच्या खोलीत माझ्याच हातून घोळ व्हावा!

“उद्या काढतो. जुन्या खिडक्यांसारखी साडेतीन फुटांवर घेतो.”

मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, जुन्या खोलीच्या खिडकीपाशी ठेवून बसले. आभाळ दिसलं. नुसतं आभाळ. मग तीच खुर्ची नव्या खोलीत आणली. बसल्या जागेवरून विहीर दिसली, लिंबाचं झाड, थेट फाटकापर्यंतची वाट.

“राहू द्या,” मी म्हटलं.

“सरक बघू,” म्हणून यजमान बसले. बराच वेळ उठलेच नाहीत. “ती यायची तेव्हा आपण तिला आभाळच दाखवत होतो की गं,” हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, “चहा इथेच आण!”

“बघा, कशी घेतलीय मी खिडकी,” गवंडीदादा म्हणाले.

“आता ती तुमची झाली होय!” यजमान म्हणाले.

उतार पक्का झाल्यावर यजमानांनी दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणली. स्वतः बसले, दोन्ही हातांनी चाकं फिरवत, कुणाला हात लावू न देता, दारातून आत. धापा टाकत ओरडले, “पोतं आपल्या पायांनी आलं हो!” गवंडीदादांना हसता हसता भिंतीला टेकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच यजमान म्हणाले, “फोन करून टाक तिला.”

मी मानेनंच ‘नाही’ म्हटलं. कागदावर वन्संच्या गावाचं नाव लिहिलं, कंडक्टरला दाखवायला. त्याखाली, ‘एक’. मागच्या बाजूला आमच्या गावाचं नाव आणि ‘दोन’. चपला घातल्या, जपमाळ ओंजळीत धरली आणि पायऱ्या सोडून नव्या उतारावरून निघाले.