थांबा नसलेलं स्टेशन

गावात औषधांचं दुकान एकच. ते चालवणाऱ्या बाईला सगळे औषधवालीच म्हणत. तिची भिस्त सकाळच्या गाडीवर, कारण शहरातून इन्सुलिन बर्फाच्या पेटीत यायचं. त्या वेळी निम्मं गाव फलाटावर असायचं. कुणी भाजीच्या पाट्या चढवायला, कुणी पाहुण्याला उतरवून घ्यायला, कुणी नुसतं कोण आलं-गेलं बघायला.

मग थांबा रद्द झाला. प्रवासी कमी म्हणे. गार्ड भला माणूस, पेटी चालत्या गाडीतून फलाटावर टाकायचा. पण कितीही जपून टाकली तरी ती आदळायचीच. शेवटच्या खेपेला आत नुसत्या काचा निघाल्या, आणि घरी थोरल्या नणंदेची इन्सुलिनची बाटली संपत आलेली.

औषधवालीनं रेल्वेच्या कचेरीत खेटे घातले. गाडीत चढणारी माणसं दाखवा, मग बघू, एवढंच साहेब सांगत.

"अहो, गाडी थांबतच नाही, तर माणसं चढतील कुठून?"

साहेबांनी अर्ज घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

शेवटी मिळेल त्या वाहनानं ती स्वतःच शहरात गेली. पेटी घेऊन परतीच्या गाडीत बसली. पेटीतला बर्फ विरघळत चालला होता, आणि आपलं स्टेशन दिसताच तिनं साखळी ओढली. गाडी कचकन थांबली. एरवी पुढच्या स्टेशनावरून उलटी पायपीट करणारे गावकरी बोचकी सावरत भराभरा उतरले. तिनं पेटी पुढे उतरणाऱ्या शेजारच्या शिंपीमामांच्या हातात दिली, आधी वन्संकडे पोचवा म्हणाली आणि दाराशी आली. दारात गार्ड उभा होता.

"वहिनी, तुम्हाला उतरता येणार नाही. पुढे जबाब द्यावा लागेल."

गाडी सुटली. सगळं गाव उतरलं, ती तेवढी डब्यात राहिली.

पुढच्या मोठ्या स्टेशनात तिनं सगळी हकिगत सांगितली. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतली आणि कागदावर साखळी ओढण्याच्या कारणापुढे लिहिलं, 'विनाकारण'. तिनं दंड भरला आणि पावती घडी घालून ठेवली.

दुधाच्या ट्रकमधून ती तिन्हीसांजेला घरी पोचली. नणंद इंजेक्शन तयार ठेवून जेवायला थांबली होती.

"थांबा देणार का गं?"

"नाही, वन्सं."

"मग पुढच्या वेळी साखळी मी ओढते. तू उतर."

नणंद हसली. औषधवालीला काही हसू आलं नाही. ती हातपाय धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली नुसते हात धरून उभी राहिली.