गिऱ्हाइकाचा शर्ट

दवाखान्यात जायचा दिवस आला की इस्त्रीवाला गठ्ठ्यातून गिऱ्हाइकाचा एखादा उंची शर्ट काढायचा, कडक इस्त्री करून अंगात चढवायचा. बायकोलाही कुणाचे तरी ठेवणीतले कपडे द्यायचा. डॉक्टरांपुढे गबाळं जायचं नाही आणि पैशांचं रडगाणं तर मुळीच गायचं नाही, ही त्याच्या वडिलांची शिकवण. कसली डोंबलाची शिकवण! पण अशी घरं तुमच्याआमच्या ओळखीत दहा तरी निघतील.

बायकोला झटके यायचे. दोघं दिवसभर तापलेल्या इस्त्रीपाशी उभी. गेल्या महिन्यात ती कोसळली आणि मनगट भाजलं. चेहरा थोडक्यात वाचला. डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी महागडी होती. नवऱ्याची ओढाताण तिला दिसत होती, पण तो तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. म्हणून ती गुपचूप कात्रीने गोळीचे दोन तुकडे करून अर्ध्यावर भागवायची.

डॉक्टरबाईंनी मनगट पाहिलं. त्याही सकाळपासून पेशंट तपासून शिणल्या होत्या.

"पूर्ण डोस घेऊनही झटके येतायत. आता दुप्पट करावा लागेल."

"करा की," इस्त्रीवाला म्हणाला. "खर्चाची काळजी नका करू."

दुप्पट म्हणजे आता आणखी किती तुकडे पाडायचे? तिला या सगळ्याचा एकदम वीट आला.

"बाई, मी अर्धीच गोळी घेते. पूर्ण परवडत नाही."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस?" नवऱ्याने तिला दटावलं.

"खरं तेच बोलते. बाई, हे अंगावरचे कपडेसुद्धा आमचे नाहीत."

इस्त्रीवाल्याने मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी पेन ठेवलं.

"अहो, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं कितीतरी स्वस्त मिळतं. आधी बोलला असतात तर..." त्या थांबल्या. "चूक माझीही आहे. मी तुमचे कपडे बघितले आणि विचारलंच नाही."

त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि गोळी तोडायची नाही, असं दोनदा बजावलं.

घरी आल्यावर इस्त्रीवाल्याने शर्ट उतरवून, धुऊन वाळवून पुन्हा इस्त्रीला घेतला.

"कधीपासून अर्धी घेतेस?"

"पहिल्या महिन्यापासून."

त्याने इस्त्री बाजूला ठेवली.

"आणि मी तुला घेऊन तिथं शर्ट मिरवायला जात होतो," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो बायकोला घेऊन स्वतःच्या विटक्या शर्टात दवाखान्यात गेला. समोरच्या बाकावर आजारी मुलीला मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. कडक इस्त्री, पण शर्टाचे खांदे दंडापर्यंत ओघळलेले. मागून आणलेला शर्ट बायकोने लगेच ओळखला. जन्म त्यातच गेला होता. ती उठणार, तोच नवरा त्या माणसाशेजारी जाऊन बसला.

"दादा, हा शर्ट तुमचा नाही ना?"

माणूस ओशाळला.

"मीही असेच घालायचो. आत गेल्यावर परवडत नाही म्हणून सांगून टाका. बाई रागावत नाहीत." त्याने बायकोच्या मनगटावरच्या डागाकडे पाहिलं. "आम्ही फार उशिरा सांगितलं."