शबनमचा पाय

औरंगाबादच्या छावणीतल्या पागेत गयास अहमद हे घोड्यांचे डॉक्टर होते. टापेच्या आतलं हाड दुखून लंगडणाऱ्या घोड्यांवर ते एक शस्त्रक्रिया आजमावत होते. पायातली नस कापली की घोड्याला दुखणं कळतच नाही. असे अकरा घोडे पळायला लागले होते. बारावी शबनम.

महिनाभरात तीही दौडू लागली. तिची निगा राखणारा मोतद्दार कडूबा म्हणाला, "डॉक्टरसाब, तुम्ही हिला नवा पाय दिला."

पुढं हैदराबादहून एक्स-रेचं यंत्र आलं. गयासनी लंगड्या घोड्यांचे फोटो आधी काढले. शबनम लंगडत नव्हती, म्हणून तिचा फोटो राहून गेला.

एका सकाळी कवायतीच्या मैदानावर ती दौडता दौडता कोसळली. पाठीवरचा कडूबा फेकला गेला, पण वाचला. गयास पोचले तेव्हा घोडी उठून उभी होती. पुढच्या उजव्या टापेचं टोक वर वळलेलं, आणि त्याच पायावर भार टाकून ती गवत खात होती.

"दुखत नाय का हिला?" कडूबानं विचारलं.

"नाही."

"मग बरी हाय म्हणा की."

गयासनी त्या पायाचा फोटो काढला. फोटोत हाडाचे दोन तुकडे दिसले. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे मोडलेल्या हाडावर ती कित्येक दिवस पळत होती. दुपारी तिला गोळी घालावी लागली. तोवर ती कडूबाच्या हातून हरभरे खात होती.

चार दिवसांनी दवाखान्यात बसलेल्या गयासना बाहेरच्या फरशीवर टापा ऐकू आल्या. तीन स्वच्छ, चौथी घासत. ते बाहेर आले. फरशी रिकामी होती. मग रोजच त्या येऊ लागल्या, दारापाशी थांबू लागल्या.

त्यांनी कडूबाला विचारलं, "तुला काही ऐकू येतं?"

"मला नाय. तुमालाच येत असंल, तर ती तुमच्याकडंच येती."

गयासनी उरलेल्या अकरांचे फोटो काढले. चार घोड्यांची हाडं मोडलेली निघाली, आणि ते चारही खुशाल पळत होते. त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं: माझा प्रयोग फसला, फोटो पाहिल्याशिवाय कुणी ही नस कापू नये.

टापा यायच्या बंद झाल्या नाहीत. त्या आल्या की गयास हातातलं काम ठेवून उभे राहायचे. दारात कुणीच नसायचं, तरी त्या परत फिरेपर्यंत बसायचं धाडस त्यांना होत नसे.