राखेने घासलेला डबा

आमच्या घरात बापजन्मात कुणा पुरुषाने डबा धुतलेला नाही. आणि भगीरथचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डबा तीन आठवडे रोज लख्ख घासून घरी येत होता.

"गोडाउनला नळ हाय. मीच धुतो," तो म्हणाला.

पण झाकणाच्या कडेला राख होती. गोडाउनात चूल कुठून आली? माझं डोकंच सणकलं. कुणीतरी बाई आहे, आणि ती राखेने भांडी घासते, एवढं मला कळलं.

मंगळवारी मी डब्यात नुसत्या भाकऱ्या घातल्या. भाजीची डबी मुद्दाम रिकामी ठेवली. संध्याकाळी विचारलं, "भाजी कशी झालेली?"

"मस्त."

म्हणजे तो डबा उघडतही नव्हता. माझ्या हातचं दुसरीच कुणी खात होती. संसार मोडला तर मोडला, पण तिच्या झिंज्या उपटल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं.

गुरुवारी तो किन्हवलीहून शहापूरच्या एसटीत बसला. मी मागून जीपने निघाले. अर्ध्या वाटेत, एका पाड्याच्या फाट्यावर तो उतरलेला दिसला. मीही उतरले. तो एका खोपटात शिरला आणि रिकाम्या हाताने बाहेर आला. पुढची गाडी पकडून तो कामावर गेला तशी मी दार ढकललं.

चुलीपुढे माझी सासू बसली होती, हिराबाई. दोन वर्षांपूर्वी भांडून मीच तिला घराबाहेर काढलं होतं. हिच्या तोंडात माझ्या हातचा घास गेला तर मी माहेरी निघून जाईन, असं नवऱ्याला बजावलंही होतं.

मला बघताच तिने डबा पदराखाली ओढला. "तो नाय येत हितं. शप्पथ, गिरजा."

"परवा भाजी कशी झालेली?"

"बरी होती गो."

"मी घातलीच नव्हती."

ती हळूच म्हणाली, "घाईत राहिली असंल. त्याला कशाला सांगू? तुला बोलला असता."

मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. "मग दुपारचा तो काय खातो?" मी ओरडले.

"वडापाव खातो बोलतो."

"आणि तुमाला खरं वाटतं?"

"नाय," ती म्हणाली. तिने डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "उनातनं आलीस. खा."

माझ्याच हातची भाकरी. मला ती गिळवेना.