न पुसलेली काच

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला आपला चेहरा दिसत नाही. मी जाड, चौकोनी, एका कोपऱ्याला टवका उडालेली काच आहे. रायगडच्या किनाऱ्यापासून थोड्या आत असलेल्या एका पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे घेताना माझ्यावर काळी शाई ओतत, रुळाने ती पातळ पसरत आणि माणसाचे एकेक बोट माझ्यावरून लोळवून मग कागदावर लोळवत.

माझा जन्म भट्टीत झाला असे म्हणतात. त्याची आठवण मी सांगितली, तर ती बनावट ठरेल. मी पूर्वी ठाण्यातल्याच एका कपाटाचे दार होते. ते फुटले आणि उरलेला तुकडा कापून टेबलावर ठेवला, येथून माझी खात्रीची हकीकत सुरू होते.

आरंभी माझ्याकडे चोर येत. पुढे सभ्य माणसे येऊ लागली, कारण परदेशात जाणाऱ्याचे चारित्र्य चांगले असल्याचा दाखला व्हिसासाठी मागितला जाऊ लागला. श्रीवर्धनकडची जहाजावर जाणारी मुले आली. मुलाकडे राहायला निघालेली एक म्हातारी आली. सुपाऱ्या सोलून तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. एका मोठ्या अधिकाऱ्याने माझी स्तुतीही केली: "या काचेवरचे ठसे स्वच्छ येतात." ती मला पटली, कारण ती तपासून पाहता येण्याजोगी होती. ठशावरून माणूस कोण ते कळते. तो कसा आहे, हे सांगणारी रेषा मला एकाही बोटावर आढळली नाही.

सनी नावाचा एक तरुण आखातातल्या नोकरीसाठी ठसे द्यायला आला, तेव्हा हवालदार फोन घ्यायला बाहेर गेले होते. सनी शेजारच्या मित्राला हसत म्हणाला, "जयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोची काच फुटली ना, तो दगड आपलाच. पन पोलीस गावात आले तवा हा भाऊ पनवेलला!" त्याच्या नावावर गुन्हा नव्हता. त्याला दाखला मिळाला आणि तो गेला. मी ऐकले होते. परंतु काचेची साक्ष कोणी नोंदवीत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सनीच्याच वस्तीतली रचना आली. ती परिचारिका होती. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिला निवडले होते आणि महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. अडले होते ते केवळ चारित्र्याच्या दाखल्यासाठी. सोबत तिचे वडील भागोजी होते. ते बाकाच्या अगदी कडेला बसले.

हवालदार सुजित यांनी शाई पसरली आणि हात थांबवला. "ताई, ठसे घेतो. पण आधीच सांगतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे. मिरवणुकीतली दगडफेक. खटला अजून चालूच आहे."

"मी त्या दिवशी अलिबागला हॉस्टेलवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घरी आले."

"मग नाव कसं आलं?"

"मीच दिलं."

सुजित यांनी चष्मा काढला. "हे बरंय! लोक नाव काढायला येतात, तुम्ही घालायला गेलात?"

भागोजी उठून उभे राहिले. "म्या सांगितलं सायेब तिला. आमच्या वस्तीची रीतच हाय. पोलीस आले का एकाचं नाव द्यायचं न्हाय, समद्यांनी आपापलं द्यायचं. एकट्याला उचलून नेला का त्याचं काय करतात, ते माझ्या बापानं बघितलंय. म्हनून बाया उठल्या, म्हातारे उठले, आन ही पिशवी खाली ठेवून उभी राह्यली."

"काका, रीत चांगली आहे हो. पण ती व्हिसावाल्यांना कोण समजावणार?"

"हॉस्टेलचा दाखला आणला तर?" रचनाने विचारले.

"आणा. म्हणजे तुम्ही तिथं नव्हतात, हे ठरेल. आणि पोलिसांना खोटं सांगितलंत, हेही ठरेल. व्हिसाच्या अर्जात तोही प्रश्न असतो."

हा हिशेब मी नंतर पुष्कळदा पडताळून पाहिला आहे. ती तेथे होती तर दंगेखोर. नव्हती तर खोटारडी. चूक मला अद्याप सापडलेली नाही.

सुजित आवाज उतरवून म्हणाले, "दगड कुणी मारला ते सांगा. मग काही करता येईल."

भागोजींनी मुलीकडे पाहिले. सनी त्यांचा सख्खा पुतण्या होता. "तू म्हनशील तर सांगतो, बाय."

रचनाने बाही वर सारली.

"नका सांगू, बाबा," ती म्हणाली. "मग बाकीच्यांनी कशाला नावं दिली?"

आणि तिने आपला अंगठा स्वतःच पुढे केला.

दहाही बोटांचे ठसे स्वच्छ आले. डाव्या हाताची करंगळी शेवटची. ती उचलली, तेव्हा तिच्या रेषा शाईत माझ्यावरही उमटून राहिल्या. एरवी मला रॉकेलच्या बोळ्याने पुसत. त्या दिवशी बाटली रिकामी होती. पुढच्या महिन्यात भागोजी खटल्याची तारीख विचारायला आले. सुजित यांनी रचनाचे काय झाले, म्हणून विचारले. "न्हाय म्हनाले," एवढेच बोलून ते बाकावर बसले. ज्या जागेवर ती जाणार होती, तिथे दुसरे कोणी रुजू झाले होते. तारीख नेहमीसारखी पुढे गेली होती.

रचना येऊन गेली त्याच आठवड्यात ठाण्यात बोटांचे यंत्र आले होते. त्याला शाई लागत नाही. मी खिडकीत फायलींवर वजन म्हणून पडून असते.

मित्रांनो, जुनी झाल्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र काचेची निगा राखण्याचा नियम साधा आहे: वापर झाला की ती लगेच पुसावी. शाई सुकू दिली, तर पुढे येणाऱ्या निर्दोष बोटाचाही ठसा बिघडतो, आणि पाहणारा दोष बोटाला देतो. एक बोळा पुरेसा असतो. पण तो कोणी तरी उचलावा लागतो.

खिडकीतून श्रीवर्धनची एसटी जाताना दिसते. रचनाची करंगळी अजून माझ्यावर आहे, सुकलेली, प्रत्येक रेषा स्पष्ट. परवा कोणी तरी माझ्यावर चहाचा कप ठेवला. ती तेवढ्याने निघाली नाही.