बघ्या पुंडलिक

चिंचणीच्या पुंडलिकचं घराणं होडीवाल्यांचं, पण त्याला होडी लागायची. बंदर जरा मागं पडलं की पोटात ढवळायला लागायचं. शेवटी बापानंच हात टेकले आणि पुंडलिक कुंभवलीजवळ एका नव्या कारखान्याच्या खोदाईवर कामाला लागला. "जमीन हलत नाय," असं तो भावकीत ऐटीनं सांगायचा.

जमीन हलली नाही, हे खरं. पण एके दिवशी जेसीबी मागं आला. मागं येताना वाजणारा त्याचा भोंगा ठेकेदार धर्मेशशेठनं डोकं उठतं म्हणून तोडून ठेवला होता. चाक पुंडलिकच्या डाव्या पायावरून गेलं आणि दोन बोटं काढावी लागली.

शेठ दवाखान्यात शहाळी घेऊन आला. म्हणाला, "पुंडलिक, घरी पाय घसरला म्हणून सांग. पुढचं बघू आपण."

"घरी घसरून पायावर टायरची नक्षी कशी उठंल, शेठ?"

शेठनं शहाळी ठेवली आणि पुन्हा फिरकला नाही.

सालवडला कामगार संघटनेचं काम बघणाऱ्या हेमांगीताईंनी पुंडलिकला नुकसानभरपाईचा अर्ज करायला लावला. त्यावर शेठनं कळवलं, की हा इसम आमचा कामगारच नव्हे. जेसीबीची खोदाई बघायला जे बघे जमतात, त्यातला एक आहे.

"मी बघ्या?" पुंडलिकला पायापेक्षा हे जास्त झोंबलं. "ताई, बघे हाकलायचं काम माझ्याकडं होतं."

पण पुरावा काय? हजेरी तोंडी, आणि सोबतचे मजूर केव्हाच दुसऱ्या मुलखात कामाला गेलेले. पालघरच्या कचेरीत सुनावणी लागली, तेव्हा पुंडलिक कुबडीवर, शेजारी हेमांगीताई आणि त्याची बायको जयवंती, समोर धर्मेशशेठ वकिलासह. जयवंती बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की ती 'ऱ्हाऊ द्या, तुमाला नाय झेपायचा हा पापलेट' म्हणायची, आणि गिऱ्हाईक हटकून तोच घ्यायचं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"शेठ खरं बोलतात, साहेब," जयवंती म्हणाली. पुंडलिकची कुबडी निसटता निसटता राहिली. "आमचा माणूस म्हंजे आळशांचा राजा. त्याला कोण कामाला ठेवील? आता तसं, शेठच्या साईटवर सगळेच बसून खातात म्हणा. शेठना कोण भीत नाय, असं अख्खी कुंभवली बोलते."

वकिलानं शेठच्या बाहीला हात लावला, पण उशीर झाला होता.

"मला भीत नाही?" शेठ खुर्चीच्या टोकाशी आला. "माझ्या साईटवर कोणी बसून दाखवावं. हा एकच कामचुकार होता. रोज उशिरा यायचा. याची अर्ध्या दिवसाची हजेरी मी स्वतः कापलीय, विचारा त्याला."

साहेबांनी चष्मा काढला. "बघ्याची हजेरी कापलीत?"

शेठनं वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर बघत होता.

पुढं निकाल पुंडलिकच्या बाजूनं लागला. दवाखान्याचा खर्च, घरी बसल्या दिवसांची मजुरी आणि गेलेल्या बोटांची भरपाई शेठला द्यावी लागली. जेसीबीवर नवा भोंगाही बसला. आता तो चिंचणीपर्यंत ऐकू येतो, असं लोक म्हणतात.

पण त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर हेमांगीताई खुशीत आणि पुंडलिकचं तोंड मात्र फुगलेलं. रिक्षात तो जयवंतीकडे पाठ करून बसला.

"अवो, ते काय मनापासून बोलले मी?" जयवंती म्हणाली.

"राजा म्हणालीस."

"मग राजाच म्हटलं ना? भिकारी तर नाय म्हटलं."

पुंडलिकनं पुढं वाकून पलीकडच्या हेमांगीताईंना विचारलं, "ताई, मी एक दिवसपण उशिरा गेलो नाय. शेठ खोटं बोलला. त्याच्यावर वेगळा अर्ज होतो का?"

"होतो," हेमांगीताई म्हणाल्या, "पण निकाल लागेपर्यंत तुम्ही उशिराच जात होता, पुंडलिकभाऊ."